सदोष सोलर संचाची भरपाई मिळाली, तर तिच्यावर आयकर लागतो का?

मार्च महिना लागला की पीक सल्ल्यासाठी येणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न हमखास मिसळलेला असतो. केळीच्या करप्याबद्दल, कपाशीच्या फरदडीबद्दल बोलून झाले की उठता उठता विचारतात, "साहेब, छतावरचं सोलर बंद पडलं होतं, कंपनीने पैसे परत दिले. आता हे पैसे इन्कममध्ये धरायचे का?" चाळीसगाव तालुक्यात घरांवर सोलर पॅनेल आणि शेतात सौर पंप हे आता नवलाईचे राहिलेले नाही. संच वाढले तशा तक्रारीही वाढल्या आणि तक्रारींपाठोपाठ परताव्याचे पैसेही खात्यात येऊ लागले. कृषी सहायक आणि कृषी मित्रांनाही गावात हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून तो येथे सविस्तर घेत आहे.

थोडक्यात उत्तर असे. घरासाठी घेतलेला संच सदोष निघाला आणि त्याची किंमत किंवा किमतीचा काही भाग परत मिळाला, तर ते उत्पन्न नाही. आपलेच पैसे आपल्याकडे परत आले आहेत. मात्र त्या रकमेसोबत व्याज आले असेल, बुडालेल्या कमाईची भरपाई आली असेल, किंवा तो संच धंद्याच्या हिशेबात दाखवून त्यावर घसारा घेतला असेल, तर तेवढ्या भागाचा विचार वेगळा करावा लागतो. एकाच धनादेशात हे सगळे मिसळलेले असते आणि घोळ तिथेच होतो.

पैसा कशाच्या जागी आला?

आयकरात कोणत्याही भरपाईबाबत पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा पैसा कशाच्या जागी आला? झाडाच्या जागी आला की फळाच्या जागी? विहीर, पंप, पॅनेल ही साधने म्हणजे झाड. त्यातून वर्षाला जे पिकते ते फळ. साधन बिघडले म्हणून मिळालेली भरपाई भांडवली स्वरूपाची धरतात. कमाई बुडाली म्हणून मिळालेली भरपाई त्या कमाईसारखीच धरतात.

हा फरक न्यायालयांनी फार पूर्वीच स्पष्ट केला आहे. मुंबईच्या रघुवंशी मिल्सला १९४४ मध्ये आग लागली. गिरणीने इमारत आणि यंत्रांचा विमा घेतला होता, शिवाय नफा बुडाल्यास भरपाई देणाऱ्या वेगळ्या पॉलिसीही घेतल्या होत्या. या दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीतून आलेल्या पैशांवर वाद झाला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नफ्याच्या जागी आलेला पैसा हा उत्पन्नच आहे.

दुसरी बाजू सौराष्ट्र सिमेंटच्या प्रकरणात दिसते आणि आपल्या विषयाला ती जास्त जवळची आहे. या कंपनीने १९६७ मध्ये वालचंदनगर इंडस्ट्रीजकडे १ कोटी ७० लाख रुपयांचा सिमेंट संयंत्राचा करार केला. यंत्रसामग्री उशिरा आली तर दर महिन्याला अमुक टक्के आणि जास्तीत जास्त एकूण किमतीच्या ५ टक्के भरपाई, असे कलम करारात होते. पुरवठ्याला उशीर झाला आणि खरेदीदाराला ८ लाख ५० हजार रुपये मिळाले. आयकर खाते म्हणाले, हे उत्पन्न आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले की ही भरपाई यंत्र मिळवण्याच्या व्यवहाराशी थेट जोडलेली आहे, धंद्याच्या रोजच्या कमाईशी नाही, म्हणून ती भांडवली स्वरूपाची आहे आणि तिच्यावर आयकर नाही.

साडेआठ लाखांच्या त्या भरपाईला जे तत्त्व लागले तेच आपल्या छतावरच्या ४० हजारांच्या इन्व्हर्टरलाही लागते. उलट घरगुती ग्राहकाची बाजू आणखी भक्कम आहे, कारण त्याचा तर धंदाच नाही.

घरच्या छतावरचा संच

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. संच बसवणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. या काळात पॅनेल किंवा इन्व्हर्टर सदोष निघाला आणि विक्रेत्याने तो बदलून दिला, तर हातात पैसा आलाच नाही. तिथे कराचा प्रश्न उद्भवत नाही. वस्तूच्या जागी वस्तू मिळाली, विषय संपला.

पैसे परत मिळाले तर? समजा संच १ लाख ८० हजारांचा होता. अनुदानाचे ७८ हजार खात्यात आले, म्हणजे आपल्या खिशातून गेले १ लाख २ हजार. विक्रेत्याने इन्व्हर्टरपोटी ४० हजार परत केले. हे ४० हजार खर्चातून वजा होतील, आपला निव्वळ खर्च ६२ हजार राहील. विवरणपत्रात उत्पन्न म्हणून काहीही दाखवायचे नाही. संपूर्ण संच काढून नेऊन पूर्ण किंमत परत करण्याची वेळ आली, तर एक काळजी घ्यावी. त्यातले ७८ हजार मुळात सरकारचे आहेत. ते खिशात ठेवून पूर्ण १ लाख ८० हजारही घेतले, तर खर्चापेक्षा जास्त पैसे आपल्याकडे येतात आणि ते समर्थन करण्यासारखे नाही. अशा वेळी महावितरणच्या कार्यालयाला लेखी कळवून अनुदानाचा भाग कसा मिटवायचा ते विचारून घ्यावे आणि त्या अर्जाची पोच ठेवावी.

आता भीती कुठून येते ते पाहू. एक म्हणजे "५० हजारांच्या वर बँकेत आले की कर लागतो" ही समजूत. तो नियम मोबदल्याशिवाय मिळालेल्या पैशांचा, म्हणजे भेटीदाखल मिळालेल्या रकमांचा आहे. सदोष वस्तूचा परतावा ही भेट नाही. आपण आधी किंमत मोजलेली असते आणि हमीपत्राने विक्रेता बांधलेला असतो. परंतु हे सिद्ध करायला कागद लागतो. विक्रेत्याने काहीही न लिहिता ६० हजार खात्यात टाकले आणि दोन वर्षांनी कोणी विचारले, तर नुसत्या तोंडी सांगण्यावर भागत नाही.

दुसरी भीती कायद्यातल्या एका शब्दाची. २०१५ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या उत्पन्नाच्या व्याख्येत अनुदान, सवलत, प्रतिपूर्ती असे शब्द घातले. हे वाचून काही जण म्हणतात, बघा, प्रतिपूर्तीसुद्धा उत्पन्नच! पण ती तरतूद केंद्र किंवा राज्य सरकार, शासकीय प्राधिकरण, संस्था यांच्याकडून मिळणाऱ्या मदतीबद्दल आहे. खासगी विक्रेत्याने दोषापोटी परत केलेल्या किमतीचा तिच्याशी संबंध नाही. गॅस सबसिडीवर आता कर लागणार अशी ओरड त्या वेळी झाली होती. तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०१५ मध्ये खुलासा केला की व्यक्तीला वैयक्तिक नात्याने, व्यवसायाशी संबंध नसताना मिळणाऱ्या कल्याणकारी अनुदानावर कर नाही. घरच्या सोलरचे अनुदान याच जातीचे आहे. वीजबिल कमी झाल्यामुळे होणारी बचतही उत्पन्न नव्हे. आपण भाजी घरी पिकवली म्हणून वाचलेल्या पैशांवर कोणी कर लावत नाही, तसेच हे.

शेतातला सौर पंप

पीएम-कुसुम योजना आणि २०२४ पासूनची राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना यांत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा योजनेतच समाविष्ट आहे. त्यामुळे पंप, कंट्रोलर किंवा पॅनेल नादुरुस्त झाले तर पुरवठादाराने दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचे असते. रोख पैसे मिळण्याचे प्रसंग येथे कमी. आलेच, तर पंपाच्या किमतीपोटी आलेली रक्कम साधनाची भरपाई आहे, उत्पन्न नाही.

खरा गुंता पीक बुडते तेव्हा होतो. गिरणा काठच्या एखाद्या शेतात खासगी रीतीने घेतलेला पंप ऐन एप्रिलमध्ये बंद पडला. कंट्रोलर यायला २२ दिवस लागले. तोवर केळीची निसवण अर्धवट राहिली, घड पोसले नाहीत. शेतकऱ्याने पंपाची किंमत मागितलीच, शिवाय केळीच्या नुकसानीचीही मागणी केली. पुरवठादाराने तडजोडीत एक ठोक रक्कम दिली. त्या रकमेतला पिकाचा भाग झाडाच्या जागी आलेला नाही, फळाच्या जागी आला आहे. म्हणजे तो उत्पन्नासारखाच धरावा लागेल. पण कोणत्या उत्पन्नासारखा? ज्या केळीच्या विक्रीतून शेती उत्पन्न आले असते, तिच्याच जागी ही भरपाई आली. रघुवंशी मिल्सच्या तत्त्वाने पाहिले तर ती शेती उत्पन्नाची जागा घेते. शेती उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त आहे, म्हणून हा दावा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

तरीही दोन गोष्टी विसरू नयेत. घरात नोकरी, दुकान किंवा इतर उत्पन्न असेल आणि ते मूळ सूट मर्यादेच्या वर जात असेल, तर ५ हजारांपेक्षा जास्तीचे शेती उत्पन्न कराचा दर ठरवण्यासाठी मिळवले जाते. शेतीवर थेट कर लागत नाही, पण इतर उत्पन्नावरचा कर वाढू शकतो. आणि शेती उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ किंवा लागू असेल तो वेगळा फॉर्म घ्यावा लागतो. शिक्षक, एसटीतले कर्मचारी, ग्रामसेवक अशी नोकरी करून शेती पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. माझ्या पाहण्यात चुका होतात त्या बहुतेक याच मंडळींच्या, पूर्णवेळ शेतकऱ्यांच्या नव्हेत.

याच निमित्ताने एक गैरसमज दूर करतो. शेतजमिनीशी संबंधित प्रत्येक पैसा शेती उत्पन्न नसतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन सोलर प्रकल्पासाठी भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. ते भाडे शेती उत्पन्न नाही, कारण जमिनीवर शेती होत नाही. सातबाऱ्यावर नाव आपलेच असले तरी ते भाडे करपात्र आहे.

व्याज, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च

प्रकरण ग्राहक आयोगात गेले तर आदेशात सहसा चार ओळी असतात: किंमत परत, तीवर अमुक टक्के व्याज, मानसिक त्रासापोटी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. उदाहरणादाखल हिशेब करू. आपल्या वाट्याचे १ लाख २ हजार परत, त्यावर दोन वर्षांचे ९ टक्के सरळ व्याज म्हणजे १८ हजार ३६०, मानसिक त्रासाचे १० हजार आणि खर्चाचे ५ हजार. एकूण १ लाख ३५ हजार ३६०.

यातले १ लाख २ हजार उत्पन्न नाही, ते वर पाहिलेच. मानसिक त्रासाची भरपाई ही कोणत्याही कमाईच्या जागी आलेली नसते, त्यामुळे घरगुती ग्राहकाच्या हाती ती करपात्र धरली जात नाही. तक्रारीचा खर्च म्हणजे आधी केलेल्या खर्चाची भरपाई. राहिले १८ हजार ३६०.

व्याजाबद्दल दोन मते आहेत. एक असे की आयोगाने दिलेले व्याज हे खरे व्याज नाहीच. विक्रेत्याने आपल्याकडून कर्ज घेतले नव्हते, नुकसान मोजण्याची ती फक्त एक रीत आहे. गृहनिर्माण मंडळाने घराचा ताबा उशिरा दिल्यामुळे ग्राहकांना दिलेल्या व्याजाबाबत हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने अशीच भूमिका घेतली होती. दुसरे मत असे की भरपाईवरचे व्याज मिळेल त्या वर्षी इतर स्रोतांतील उत्पन्न म्हणून दाखवावे. कायद्यात भरपाईवरील व्याजाला ५० टक्के वजावट आहे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे पैसे घेतलेल्यांना ती परिचित असेल.

माझे मत विचाराल तर रक्कम लहान असेल तेव्हा व्याज दाखवून मोकळे व्हावे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत मूळ सूट आहे आणि १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर रहिवासी व्यक्तीला सवलतीमुळे प्रत्यक्ष कर शून्य येतो. अठरा हजारांसाठी वाद अंगावर घेण्यात अर्थ नाही. रक्कम लाखांत असेल तर मात्र सीएशी बोलून वरचे पहिले मत मांडता येते का ते पाहावे.

कधी कधी पैसे देणारी कंपनी व्याजावर १० टक्के टीडीएस कापून घेते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. ही कपात आपल्या २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. तिथे दिसूनही आपण विवरणपत्रात काहीच दाखवले नाही तर विसंगतीची सूचना येते. आणि विवरणपत्र भरलेच नाही तर कापलेला पैसाही परत मिळत नाही. उत्पन्न मर्यादेत असले तरी त्या वर्षी विवरणपत्र भरावे, ते याच कारणाने.

संच धंद्यात दाखवला असेल तर

डाळ मिल, जिनिंग, दूध संकलन केंद्र, कुक्कुटपालन, पिठाची गिरणी. यांच्या छतावरचा संच बहुतेकदा धंद्याच्या हिशेबात असतो आणि सौर उपकरणांवर ४० टक्के घसारा घेतलेला असतो. इथे वरचे "आपलेच पैसे परत आले" हे उत्तर पुरे पडत नाही, कारण त्या पैशांचा काही भाग आपण आधीच खर्च म्हणून वजा घेऊन कर वाचवलेला असतो.

समजा ५ लाखांचा संच, पहिल्या वर्षी २ लाख घसारा घेतला, वहीत किंमत उरली ३ लाख. पुढच्या वर्षी संपूर्ण संच सदोष ठरून ५ लाख परत मिळाले. त्याच घसारा गटात दुसरी मालमत्ता नसेल, तर वरचे २ लाख अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करात येऊ शकतात. दुरुस्तीचा खर्च वजा घेतला असेल आणि तोच खर्च विक्रेत्याने नंतर भरून दिला असेल, तर ती रक्कम मिळाली त्या वर्षी धंद्याचे उत्पन्न धरली जाते. सरकारी अनुदानही धंद्याच्या संचात मूळ किमतीतून वजा करून उरलेल्या रकमेवरच घसारा घ्यायचा असतो. ठोक पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्यांचा घसाराही घेतला आहे असेच समजले जाते. या गटातल्या शेतकरी-व्यावसायिकांनी परतावा स्वीकारण्यापूर्वीच सीएला बोलवावे. नंतर बोलावून नोंदी सुधारणे जिकिरीचे होते.

पूर, आग आणि विमा

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात शिरला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, हे कोणी विसरलेले नाही. अशा आपत्तीत संच वाहून गेला आणि विम्याचे पैसे मिळाले तर त्याची गोष्ट वेगळी. इथे उपकरणात दोष नव्हता.

वानिया सिल्क मिल्सच्या प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की जळालेले यंत्र म्हणजे विकलेले यंत्र नव्हे, म्हणून त्याच्या विम्याच्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर नाही. त्यानंतर संसदेने १९९९ च्या वित्त कायद्याने नवी तरतूद केली. पूर, वादळ, भूकंप, आग, स्फोट, दंगल अशा कारणांनी भांडवली मालमत्ता नष्ट झाली आणि विम्याची रक्कम मिळाली, तर ती विक्रीची किंमत समजून नफा मोजायचा. पण नफा व्हायला रक्कम खरेदी किमतीपेक्षा जास्त हवी. विमा कंपनी घसारा कापूनच पैसे देते, त्यामुळे खासगी पैशातून घेतलेल्या पंपाच्या बाबतीत नफा निघण्याची वेळ क्वचितच येते. हिशेब मात्र कागदावर करून ठेवावा.

आधी दोष सिद्ध करा

कराचा मुद्दा दोषावर उभा आहे. "सदोष उपकरणाचा परतावा" म्हणायचे तर उपकरण सदोष होते याचा पुरावा हवा. खानदेशात यात एक अडचण आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांवर गेली की पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापतो. म्हणजे १४ ते १६ टक्के घट निव्वळ उष्णतेची. त्यात धूळ. ही घट दोष नाही. विक्रेता हेच कारण पुढे करतो आणि बऱ्याचदा त्याचे खरेही असते.

म्हणून तुलना मे महिन्याची पावसाळ्याशी करू नका. वर्षभराच्या सरासरीत १ किलोवॉटमागे दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळायला हवी. मागील वर्षीचा तोच महिना आणि शेजारच्या तेवढ्याच क्षमतेच्या संचाशी तुलना करा. सकाळी उन्हे चढण्याआधी पॅनेल साध्या पाण्याने धुऊन आठ दिवसांचे रीडिंग घ्या. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा एरर कोड, पॅनेलवरचे तपकिरी डाग, तडे यांचे तारखेसह फोटो काढा. पॅनेल आणि इन्व्हर्टरचे अनुक्रमांक बिलाशी जुळतात का तेही तपासा. एवढे केले की तक्रारही टिकते आणि पुढे आलेल्या पैशांचे स्वरूपही.

तक्रार आधी विक्रेत्याकडे लेखी, मग महावितरणकडे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तरीही दाद लागली नाही तर जळगाव किंवा धुळे येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणे तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. शेतकरी पीक विकतो म्हणून तो ग्राहक नाही, असा युक्तिवाद विरुद्ध बाजू करते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या सदोष बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्यांना ग्राहक मानले आहे, तो निकाल वकिलांना दाखवा.

तडजोडीचे पत्र

माझ्या घरचा इन्व्हर्टर दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला. एकदा बदलून मिळाला, तोही तीन महिन्यांत गेला. शेवटी विक्रेत्याचा माणूस रोख रक्कम घेऊन आला. "भाऊ, घरातल्या घरात मिटवू, कागद कशाला, उगाच इन्कम टॅक्सची भानगड." कराच्या भीतीने रोख घेणारे बरेच भेटतात. त्यात नुकसान आपलेच. रोख घेतली की हमीचा पुरावा जातो, उरलेल्या पॅनेलची पुढची तक्रार अडते, आणि ज्या पैशांवर मुळात कर नव्हता ते पैसे बिनहिशेबी होऊन बसतात. शिवाय २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि तेवढाच दंड लागतो. मी रोख घेतली नाही. आठ दिवसांनी धनादेश आणि पत्र आले.

त्या पत्रात काय असावे हे सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, सदोष भागाचा अनुक्रमांक, दोष काय होता, आणि रकमेची फोड: किमतीपोटी इतके, पिकाच्या नुकसानीपोटी इतके, व्याजापोटी इतके. "सर्व दाव्यांपोटी एकरकमी" असे मोघम लिहिलेल्या पत्रावर सही करू नये. फोड नसेल तर पुढे ती आपल्याला सिद्ध करत बसावी लागते. फोड खोटीही लिहून घेऊ नये. पिकाचे नुकसान झाले नसताना कर वाचवण्यासाठी सगळी रक्कम पिकाच्या नावाने लिहून घेणारे पाहिले आहेत, आणि बँकेचे कर्ज प्रकरण तपासताना ती गोष्ट उघडी पडलेलीही पाहिली आहे.

किमतीच्या परताव्यात भरलेला जीएसटीही मागून घ्यावा. सौर उपकरणांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या बिलाचा परतावा नव्या दराने मोजून देण्याचा प्रयत्न झाला तर हरकत घ्यावी, कारण आपण पैसे जुन्या दराने भरले होते. संचासाठी बँकेचे कर्ज असेल तर परताव्याची रक्कम कर्ज खात्यात भरून पावती त्याच फाइलला लावावी.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, मालमत्ता आणि कमाई यांतला वर सांगितलेला फरक तसाच आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत मिळालेल्या रकमांचा हिशेब जुन्या कायद्याप्रमाणेच होईल, त्यामुळे परतावा कोणत्या तारखेला खात्यात जमा झाला ते पासबुकात खूण करून ठेवा. बिल, हमीपत्र, तक्रारीची पोच, तडजोडीचे पत्र आणि बँकेची नोंद हे पाच कागद एकत्र करून सातबाऱ्याच्या फाइलमध्येच ठेवलेले बरे. ती फाइल घरात कोणी हरवत नाही.